चुकलेल्या ठोक्याची भाषा

सांगोला हे पंढरपूर आणि मिरज यांच्या मधल्या वाटेवरचे गाव. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी १९२७ साली पंढरपुराहून मिरजेपर्यंत जाऊ लागली आणि माणदेशाच्या या कोरड्या मुलखातल्या माणसाला दोन दिशा एकाच रुळावर मिळाल्या. एकीकडे विठोबाचे गाव आणि दुसरीकडे विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले मिशन इस्पितळ. नवस बोलायला एका बाजूची गाडी धरायची आणि दुखणे दाखवायला दुसऱ्या बाजूची. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन्ही दिशांशी निगडित आहे. आपल्याच छातीत चाललेले हृदयाचे काम माणसाला कसे जाणवते, ते तो कोणत्या शब्दांत सांगतो आणि ते सांगणे ऐकणाऱ्याने आजवर कसे ऐकले, हा तो विषय.

निमित्त अगदी घरगुती आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका वृद्ध काकींना घेऊन तालुक्याच्या गावातील एका दवाखान्यात गेलो होतो. काय होते असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "काळीज नुसतं हालतंय बघा." मिनिटाला किती ठोके पडतात असे वाटते, एकसारखे पडतात की मध्येच चुकतात, असे दोन-तीन प्रश्न झाले. काकींनी त्यांतल्या एकाचेही उत्तर दिले नाही. "मोजलं न्हाय ओ, पण हाललं," एवढेच त्या पुनःपुन्हा सांगत राहिल्या. ईसीजी काढला, तो निर्दोष निघाला. "आजी, काही नाही. मनाचं आहे. काळजी करू नका," असे सांगून आम्हाला निरोप देण्यात आला. बाहेर आल्यावर काकी बराच वेळ गप्प होत्या. आपण खोटे बोललो असे कोणीतरी चारचौघांत ठरवावे, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

'काळजी' हा शब्द 'काळीज' याच कुळातला मानला जातो, हे त्या क्षणी मला आठवले आणि त्या वाक्यातला विरोध ध्यानात आला. काळीज हालते अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला काळजी करू नका असे सांगणे म्हणजे तिच्या तक्रारीचाच शब्द वापरून तिची तक्रार निकालात काढणे होय. पण यात दोष केवळ एका डॉक्टरांचा नव्हता. दोन वेगवेगळ्या इतिहासांतून आलेल्या दोन भाषा त्या टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. त्यांचा थोडा मागोवा घ्यावा, असे तेव्हापासून मनात होते.

आधी शब्दांकडे पाहू. 'काळीज' हा शब्द मुळात हृदयाचा नव्हे. संस्कृतातील 'कालेय', हिंदीतील 'कलेजा' या त्याच्या नातलगांचा मूळ अर्थ यकृत असाच आहे. खाटकाच्या दुकानात आजही काळीज मागितले तर यकृतच मिळते. मराठी माणसाने मात्र आपल्या छातीतल्या हालचालीला हेच नाव दिले. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा घोटाळा असेल. पण घोटाळा करणाऱ्यांना शरीर कापून दाखवायचे नव्हते, आतून काय होते ते सांगायचे होते. आणि आतून पाहता हृदय, ऊर, छाती, पोटाचा वरचा भाग यांच्या सीमा खरोखरच पुसट असतात. आपल्याला जाणवतो तो अवयव नसून एक ठिकाण असते.

आता या ठिकाणी काय घडते, याचे वाक्प्रचार पाहावेत. काळजाचा ठोका चुकतो, काळजात धस्स होते, छातीत धडकी भरते, ऊर धपापतो, काळीज लक्कन हलते, काळजाचे पाणी होते, जीव खालीवर होतो. ही यादी वाचकांना सहज वाढवता येईल. तिच्यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, शांतपणे, नेमाने चाललेल्या हृदयासाठी यात एकही बोली प्रयोग नाही. भाषेने हृदयाची दखल घेतली ती त्याने लय मोडली तेव्हाच. दुसरी गोष्ट व्याकरणाची. 'मी घाबरलो' यात 'मी' कर्ता आहे. 'काळजात धस्स झालं' यात मात्र मी कोठेच नाही; एक जागा आहे आणि तिथे काहीतरी झाले आहे. 'मी धडधडलो' असे मराठीत कोणी म्हणत नाही. छातीतली हालचाल ही आपली कृती नव्हे, ती आपल्यावर येऊन पडणारी घटना आहे, हे आपल्या वाक्यरचनेने कधीचेच ठरवून टाकले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ साली असा सिद्धांत मांडला की, आधी शरीरात बदल होतो आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. तेव्हा अनेकांना तो उफराटा वाटला. 'धस्स झालं आणि मग भीती वाटली' अशा क्रमाने बोलणाऱ्या मराठी माणसाला त्यात फारसे नवल वाटू नये.

याच कुळात 'धुगधुगी' हा एक वेगळा शब्द आहे. मरणाच्या दारातल्या माणसाविषयी 'अजून धुगधुगी आहे' असे आपण म्हणतो. धाकधूक ज्याची त्याला होते. धुगधुगी मात्र दुसऱ्याला दिसते. स्वतःविषयी हा शब्द कोणी गंभीरपणे वापरत नाही. म्हणजे हृदयाचे अखंड चालणे, जिवंतपणाची खूण म्हणून असलेले चालणे, हे भाषेने बाहेरून पाहणाऱ्याकडे सोपवले आणि मोडलेली लय तेवढी ज्याच्या त्याच्याकडे ठेवली. ही वाटणी मला फार अर्थपूर्ण वाटते, आणि पुढचा सारा इतिहास तिच्या भोवतीच फिरतो.

स्वतःच्या आतला आवाज ऐकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बृहदारण्यक आणि छांदोग्य या उपनिषदांत कान झाकून घेतल्यावर ऐकू येणाऱ्या ध्वनीचा उल्लेख आहे. शरीरातल्या अग्नीचा तो घोष असे तिथे म्हटले आहे. ज्याचे प्रयाण जवळ आले त्याला हा घोष ऐकू येत नाही, असेही बृहदारण्यक सांगते. पुढे योगमार्गाने हृदयस्थानाच्या चक्राला 'अनाहत' हे नाव दिले. १२९० साली नेवाशात सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे जे विस्तृत वर्णन येते, त्यात या अनाहताचा नाद मराठीत प्रथमच इतक्या वैभवाने अवतरला. अनाहत म्हणजे आघातावाचून उमटलेला. आणि आपला 'ठोका' म्हणजे आघातच. योग्याला जो नाद ऐकायचा होता तो ठोक्याच्या पलीकडचा होता. ठोके मोजणे हा त्याच्या साधनेचा हेतू कधीच नव्हता. या मुद्द्याकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

देहातल्या आवाजाची दुसरी कथा सांगोल्याच्या अगदी शेजारची, मंगळवेढ्याची आहे. गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून तिच्याखाली कामावरची माणसे गाडली गेली. त्यांत संत चोखामेळा होते. परंपरा हे वर्ष १३३८ असे सांगते. नामदेव पंढरपुराहून तिथे गेले तेव्हा ढिगाऱ्यात केवळ हाडे उरली होती. कोणाची हाडे कोणती हे कसे ओळखायचे? नामदेवांनी हाडे कानाशी लावून पाहिली आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून पंढरपुराला आणली. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे.

या कथेकडे आपण बहुधा भक्तीचा चमत्कार म्हणून पाहतो. मला ती ऐकण्याची कथा वाटते. जिवंतपणी ज्याला देवळाच्या आत पाऊल टाकता आले नाही, ज्याचा आवाज उंबऱ्याबाहेरच राहिला, त्याच्या देहाला कान लावणारे कोणीतरी निघाले. चोखोबांची ओळख पटली ती त्यांच्या आतल्या आवाजावरून, आणि तो आवाज आपला आपण सिद्ध करायला चोखोबा उरलेले नव्हते. देह बोलतो, पण ते बोलणे खरे ठरायला दुसऱ्याचा कान लागतो, हे या कथेने फार आधी सांगून ठेवले आहे. तो कान ज्यांच्या वाट्याला आला नाही, त्यांची नावे त्या ढिगाऱ्यातच राहिली, हेही तीच कथा न बोलता सांगते.

आता वैद्याकडे वळू. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचे वर्णन नाही. ते पहिल्यांदा येते शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. अंगठ्याच्या मुळाशी बोटे ठेवून वैद्य नाडी पाहतो, आणि जे जाणवते ते प्राण्यांच्या चालींनी सांगतो. वाताची नाडी साप किंवा जळवेसारखी, पित्ताची कावळा किंवा बेडकासारखी, कफाची हंस किंवा कबुतरासारखी. ही गतीची भाषा आहे. नाडी किती वेळा उडाली यापेक्षा ती कशी चालली, हे तिला महत्त्वाचे. छातीतल्या धडधडीसाठी आयुर्वेदाने जी संज्ञा योजली तीही 'हृद्द्रव', म्हणजे हृदयाचे धावणे. काकींचे 'हालतंय' या परंपरेत कोणालाही परके वाटले नसते.

आकडा आला तो घड्याळाबरोबर. इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर या वैद्याने १७०७ साली एक मिनिट मोजणाऱ्या घड्याळाने नाडी मोजण्यावर ग्रंथ लिहिला. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लायनेक यांना एका तरुण रोगी स्त्रीच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची गुंडाळी करून तिचे एक टोक छातीला व दुसरे कानाला लावले आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, शतक सरता सरता मिरजेचे इस्पितळ उभे राहिले, आणि ही नळी व हे घड्याळ आपल्या मुलखात रुळले. यातून झालेला लाभ अगणित आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ऐकण्याचे स्वरूप बदलले. नामदेवांनी कान लावला तो ओळख पटवण्यासाठी. डॉक्टरांनी लावला तो मोजमाप घेण्यासाठी. ऐकणारा आता रोग्याच्या शब्दांवाचूनही ऐकू शकत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी आइंटहोवेन यांनी हृदयाची विद्युत् हालचाल कागदावर उतरवली आणि कानाचीही गरज उरली नाही.

याच यंत्राची आणि आपल्या योगपरंपरेची गाठ पुढे पडली. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले; योगक्रियांची परीक्षा प्रयोगशाळेत व्हावी हा त्यांचा आग्रह होता. योगी आपले हृदय थांबवू शकतात, अशी तेव्हा जगभर ख्याती होती. फ्रेंच हृदयतज्ज्ञ तेरेज ब्रॉस १९३५ साली ईसीजीचे यंत्र घेऊन भारतात आल्या होत्या आणि त्यांच्या नोंदींनी या ख्यातीला बळ मिळाले होते. १९५७ साली वेंगर आणि बागची हे दोन संशोधक अमेरिकेतून आले. त्यांनी लोणावळ्यासह देशात अनेक ठिकाणी साधकांवर मापने घेतली. हृदय थांबवण्याच्या दाव्याची परीक्षा दिल्लीचे शरीरशास्त्रज्ञ आनंद यांच्यासह त्यांनी केली आणि तिचा निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाला. श्वास कोंडून, छाती व पोटाचे स्नायू आवळून योगी हृदयाकडे परतणारे रक्त रोखत. त्यामुळे मनगटाची नाडी लोपे, स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकू येईनासे होत. ईसीजीच्या कागदावर मात्र हृदय आपले काम करीतच होते. ते थांबले नव्हते.

या निष्कर्षाचा अर्थ 'योग्यांचे पितळ उघडे पडले' असा काढणे सोपे आहे. मला तो पुरेसा वाटत नाही. नाडी गेली होती, ध्वनी गेला होता. बोट आणि कान या दोन्ही साक्षीदारांनी हृदय थांबल्याचीच ग्वाही दिली असती. मग आतून योग्यालाही ते थांबल्यासारखे वाटले तर त्यात कपट कोठे आले? ज्याला ठोक्याच्या पलीकडे जायचे होते त्याने ठोका जाणवेनासा केला. फक्त न जाणवणे आणि न असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिसऱ्या साक्षीदाराने दाखवून दिले.

हाच प्रश्न पुढे पाश्चात्त्य मानसशास्त्राने सर्वसामान्य माणसाला विचारला. ब्रिटिश शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १९०६ साली देहाच्या आतून येणाऱ्या संवेदनांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला होता. आपण त्याला अंतःसंवेदन म्हणू. जर्मन मानसशास्त्रज्ञ रायनर शांड्री यांनी १९८१ साली त्याची एक सोपी चाचणी रूढ केली. नाडीला हात न लावता, ठरावीक सेकंदांत आपले किती ठोके पडले ते मनातल्या मनात मोजायचे आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहायचे. बहुतेकांचे आकडे चुकतात, आणि बरेचसे कमीच भरतात. पुढे या चाचणीवरच शंका घेतली गेली. हृदयात पेसमेकर बसवलेल्या रोग्यांवर १९९९ साली एक जर्मन अभ्यास झाला. त्यात ठोक्यांचा वेग यंत्राने कमी-जास्त केला, तरी रोग्यांनी सांगितलेल्या आकड्यांत म्हणावा तसा फरक पडेना. लोक आपले हृदय ऐकून मोजत नव्हते. ते साधारण किती असावे याच्या समजुतीवरून मोजत होते. २००८ साली अनुभवी ध्यानसाधकांची परीक्षा झाली. ध्यान न करणाऱ्यांपेक्षा त्यांचे मोजमाप सरस ठरले नाही. आपले मोजमाप सरस आहे हा विश्वास मात्र त्यांच्या ठायी अधिक होता.

म्हणजे आकडा ही आतल्या जाणिवेची भाषाच नव्हे. स्वस्थ बसलेल्या माणसाला आपले हृदय सहसा जाणवत नाही. ते जाणवते धावल्यावर, दचकल्यावर, रात्रीच्या शांततेत डाव्या कुशीवर निजल्यावर. आकुंचनाचा जोर वाढला किंवा छातीच्या भिंतीवरचा आघात जवळ आला म्हणजे. आणि 'ठोका चुकणे' या आपल्या वाक्प्रचाराचे तर शास्त्र पाहण्याजोगे आहे. अनेकदा असे होते की एक ठोका वेळेआधीच, दुबळा असा पडतो. त्याच्यामागे थोडा अधिक विराम पडतो, त्या विरामात हृदयात जास्त रक्त साठते आणि पुढचा ठोका जोराने बसतो. त्या माणसाला जाणवतो तो विराम आणि त्यामागचा धक्का. यंत्राच्या दृष्टीने एक ठोका अवेळी पडलेला असतो. त्याच्या दृष्टीने एक चुकलेला असतो. दोघेही खरे सांगत असतात. ज्यांनी हा वाक्प्रचार घडवला त्यांच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते, तरी त्यांनी अनुभवाचे वर्णन अचूक केले होते.

याचा अर्थ जाणिवेवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असा नव्हे. हृदयाची लय बिघडूनही काहींना काहीच कळत नाही. मधुमेह्यांमध्ये हृदयविकाराचा झटकासुद्धा वेदनेवाचून येऊन जाऊ शकतो. उलट निरोगी हृदय भीतीने इतके धडधडते की आता सारे संपले असे वाटावे. काळीज साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. पण साक्षीदाराची साक्ष तरी नीट नोंदवली गेली पाहिजे. काही सेकंदांच्या ईसीजीत त्या सेकंदांपुरतेच हृदय सापडते. काकींचे काळीज हालले होते आदल्या रात्री.

साहित्याच्या अभ्यासकांना यात एक काम आहे असे मला वाटते. आपल्या कथा-कादंबऱ्यांत 'हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकू येत होते' असे वाक्य येते आणि 'काळजात धस्स झाले' असेही येते. आपण दोन्ही एकाच अर्थाची समजून पुढे जातो. पहिल्यात एक संस्कृत अवयव आहे, मोजता येणारे ठोके आहेत आणि ऐकणारा एक अलिप्त कान आहे. ती नळी आणि घड्याळ यांच्या संगतीत वाढलेली भाषा आहे. दुसऱ्यात कोणीच ऐकत नाही, फक्त होते. लेखकाने पात्राच्या तोंडी यांपैकी काय घातले यावरून ते पात्र आपल्या देहाच्या आत राहते की त्याच्याकडे बाहेरून पाहते, हे कळते. माणदेशी माणसांच्या बोलीत लिहिलेले गद्य या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे.

काकींची हकिगत पुरी करायला हवी. काही महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांच्या छातीला चोवीस तासांचे नोंदयंत्र बांधले. नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाच्या नावाने ते ओळखले जाते. यंत्रासोबत एक कागदही दिला होता. जेव्हा काही वाटेल तेव्हा वेळ लिहायची आणि काय वाटले ते आपल्या शब्दांत लिहायचे. मिनिटाला किती, असा प्रश्न त्या कागदावर नव्हता. काकींना लिहिता येत नाही. नातीने लिहून घेतले. तीन नोंदी झाल्या, तिन्हींत 'काळीज हाललं' एवढेच. तपासणीत एका नोंदीच्या वेळी अवेळी ठोक्यांची एक लहानशी माळ सापडली, उरलेल्या दोन वेळी लय अगदी सरळ होती. डॉक्टरांनी तो कागद आलेखाशेजारी ठेवला, काकींना खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि त्या तीन वेळांना त्या काय करीत होत्या हे एकेक करून विचारले. काकी बराच वेळ सांगत होत्या.